बगळा पांढराच असतो

हिवरबोडी,
६ नोव्हेंबर २०२२

चि. वैभवी,

जय भीम.

तू दिलेला कॅमेरा हाती आला आणि म्हातारपणी माझी चंगळ झाली. तुमच्या स्टुडिओने तो अडगळीत टाकला असेल, मला नवाकोरा आहे. पस्तीस वर्षं गावोगावी लोकांचं टपाल वाटलं, आता उजाडायच्या आत बोडीवर जाऊन बसतो. लहानपणी तू ज्या तळ्यात एक चप्पल बुडवली होतीस आणि दुसरी रागाने स्वतःच फेकली होतीस, तीच ही बोडी.

फोन करत जा म्हणतेस, पण माझा उजवा कान गेला आहे आणि डावा निघायच्या तयारीत आहे. फोनवरून फोटो पाठवले तर त्यांचा जीव जातो असं तूच म्हणालीस. म्हणून कार्ड पाकिटात घालून रजिस्टरने पाठवतो आहे. खरं सांगू, मला पत्र लिहायला निमित्तच हवं होतं.

अडचण अशी की डोळ्यांना दिसतं ते फोटोत उतरत नाही. हळदीकुंकू बदकाच्या चोचीचं टोक कसं पिवळंजर्द असतं, कपाळाशी दोन लाल ठिपके असतात. फोटोत सगळं मातकट. तुझी मोठीआई म्हणते, "इतक्या सकारी उठून चिखलाचे फोटू काढून राहिले का जी?"

तू सीताबर्डीत बसून नवऱ्या मुलींना चंद्रासारखं करतेस म्हणे. माझ्या पाखरांचेही रंग नीट कर. जसे आहेत तसे दिसू दे.

संघपालला आशीर्वाद. तुझा भाऊ आमच्याच गावच्या कारखान्यात कामाला लागला, रोज नागपुरातून येतो-जातो, पण बापाच्या थोरल्या भावाच्या, मोठ्याबाबाच्या दारात पाय ठेवत नाही. मोठीआई त्याच्यासाठी लोणचं भरून बसली आहे.

तुझा,
मोठेबाबा (चंद्रभान)


नागपूर,
२७ नोव्हेंबर २०२२

आदरणीय मोठेबाबा,

सविनय जय भीम.

तुमचे एकशेबारा चिखल मिळाले! त्यातले वीस पक्षी निघाले, ते छापून सोबत पाठवते आहे.

मोठ्याआईला सांगा, फोटो वाईट नव्हते, मळलेले होते. तुमच्या फोटोत काळं, पांढरं, करडं, सगळे लग्नातल्या ग्रुप फोटोसारखे एकमेकांना खेटून उभे असतात. मी काळ्याला थोडं खाली ढकलते, पांढऱ्याला वर उचलते. याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. मग बदक पाण्यातून सुटं होतं आणि पिसं मोजता येतात.

रंगाची गंमत वेगळी आहे. पिवळी दिसणारी वस्तू मुळात पिवळी आहे की सकाळच्या उन्हाने पिवळी झाली, हे कॉम्प्युटरला कळत नाही. त्याला एक खूण द्यावी लागते. एक ड्रॉपर असतो, त्याने फोटोतली अशी जागा दाखवायची जी पांढरी असायलाच पाहिजे. ती पांढरी झाली की बाकीचे रंग आपोआप आपापल्या जागी येऊन बसतात. लग्नात मी नवरदेवाचा रुमाल धरते. तुमच्याकडे तर काही शोधायलाच नको. बगळा पांढराच असतो. बगळ्यावर एक टिचकी मारली की बोडीचं पाणी निळं, गवत हिरवं आणि तुमचं बदक हळदीकुंकू लावून तयार.

कार्ड रिकामं करून परत पाठवते. आमच्या सेठचा नियम आहे, फोटो साफ झाला की तो जुन्याच्या जागी ठेवायचा, जुना उडवायचा. एकदा एका नवरीचे न केलेले फोटो चुकून तिच्या सासरी गेले होते, तेव्हा दुकानात जे महाभारत झालं त्यानंतरचा हा नियम. त्यामुळे तुमच्या चिखलाचा पुरावा आता कुठेही नाही!

संघपाल कंत्राटावर आहे. साहेब लोकांनी कायम करतो म्हटलंय, म्हणून तो जेवायलाही थांबत नाही. लोणचं माझ्या नावावर करा.

तुमची,
वैभवी


हिवरबोडी,
१५ जानेवारी २०२३

चि. वैभवी,

जय भीम.

फोटो बघून डोळे निवले. भिंतीवर ओळीने लावले आहेत. शेजारचा कवडू रोज येऊन खंड्यासमोर उभा राहतो आणि म्हणतो, याच्यापेक्षा खरा खंड्या फिका आहे.

तुझ्या मोठ्याआईचं मात्र निराळंच. बगळ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा आपल्या बोडीतला नोहे वं माय. हा तं धुतलेला बगळा हाये." मी म्हटलं, पोरीने मेहनत घेतली आहे, नावं ठेवू नको. तर म्हणते, नावं कुठे ठेवली, आपला जरा मळका होता एवढंच म्हणते.

ती मजेत आहे. थोडी खोकते, हवा बदलली म्हणून. कारखान्याची दुसरी भट्टी दिवाळीत सुरू झाली, वर्दळ वाढली आहे. बाकी ठीक.

तुझा,
मोठेबाबा


नागपूर,
२२ ऑक्टोबर २०२३

आदरणीय मोठेबाबा,

सविनय जय भीम.

आता मी रागावणार आहे. लेन्स पुसता की नाही? या वेळच्या कार्डातल्या प्रत्येक फोटोवर करडा थर आहे. बगळे तर असे दिसतात जसे कोणी चुलीतून काढून आणले. आधी वाटलं कॅमेऱ्यात ओल गेली. मग वाटलं तुम्ही काही भलतंच बटण दाबलंत. मी काल एका बगळ्याशी तासभर झगडले, ड्रॉपर लावला तर पाणी जांभळं झालं, ते सावरलं तर गवत निळं झालं. कॉन्ट्रास्ट पूर्वीच्या तिप्पट द्यावा लागतो.

मऊ सुती कापड घ्या, गोल गोल पुसा, थुंकी लावू नका (मला माहीत आहे तुम्ही लावता). आणि डोळे तपासून घ्या. मोतीबिंदू असला की माणसाला सगळं धुरकट दिसतं आणि ते त्याला खरं वाटतं.

प्रिंट अजून काढलेले नाहीत. लग्नांचा हंगाम तोंडावर आहे, सेठ मशीनला हात लावू देत नाही.

तुमची,
वैभवी


हिवरबोडी,
१९ नोव्हेंबर २०२३

चि. वैभवी,

जय भीम.

लेन्स स्वच्छ आहे. डोळेही तपासले, वयाच्या मानाने बरे आहेत.

एक काम नेमकं सांगतो, नीट वाच. सोबतच्या कार्डात चाळीस फोटो आहेत, सगळे बगळ्यांचे, सगळ्यांवर तारीख आहे. मोठ्या आकारात छाप. काही साहेब लोकांना ते दाखवायचे आहेत. पाखराच्या अंगावर जे जे आहे ते लांबून बघणाऱ्यालाही स्पष्ट दिसलं पाहिजे. तुझी सगळी कला यात घाल.

छापून झाले की पाकीट बंद कर, वर लाख लाव आणि स्टुडिओचा शिक्का मार. मी ते उघडणार नाही, साहेबांच्या हातानेच उघडेल. आमच्या खात्यात ज्या पाकिटाची लाख शाबूत असे त्यावर कोणी बोट ठेवत नसे. मधल्या माणसाने हात लावला अशी शंका घ्यायला जागाच राहायला नको.

संघपालजवळ हे बोलू नको. कशासाठी ते मागाहून सांगेन.

मोठीआई आशीर्वाद सांगते.

तुझा,
मोठेबाबा


नागपूर,
२४ डिसेंबर २०२३

आदरणीय मोठेबाबा,

सविनय जय भीम.

ओळखलं बरं मी! लाख, शिक्का, साहेब लोक, संघपालपासूनही गुपित. कुठल्या तरी मोठ्या स्पर्धेत फोटो पाठवताय. नका सांगू, मी विचारणार नाही.

पण मोठेबाबा, हे चाळीस फोटो माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम आहे. नुसत्या ड्रॉपरने भागत नव्हतं, म्हणून एकेक बगळा मोठा करून पाठीवरचे, मानेवरचे डाग ब्रशने काढले. पिसन् पीस दिसतं आहे. पाण्यावरचा तवंग काढला, मागचं आकाश धुरकट होतं ते निळं केलं. सेठने बघितलं आणि पहिल्यांदाच म्हणाला, "वैभवी, ये तो कमाल कर दिया तूने." लाख मी स्वतः वितळवून लावली, बोट भाजलं.

आणखी एक आनंदाची गोष्ट तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. तुमचं नाव छापून आलं आहे! कुठे ते आत्ता सांगत नाही. संघपाल आणि मी, दोघांनी मिळून केलं. थोड्याच दिवसांत कोणीतरी तुमच्या दारी आणून देईल. तेव्हा मोठ्याआईचा चेहरा कसा होतो ते मला लिहा.

तुमची,
वैभवी


हिवरबोडी,
९ फेब्रुवारी २०२४

वैभवी,

सहा तारखेला तालुक्याला जनसुनावणी होती. कारखान्याला तिसरी भट्टी घालायची आहे, त्यावर गावाचं म्हणणं ऐकायला साहेब आले होते. गावातर्फे आक्षेप माझ्या नावाने होता. हे तुला सांगितलं नव्हतं, कारण संघपालची नोकरी तिथेच आहे. वाटलं, तुला माहीत नसलेलं बरं, घरात वाकडं यायला नको.

दुसरी भट्टी सुरू झाल्यापासून गावावर काजळी पडते. गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या संध्याकाळी झटकाव्या लागतात. तुझ्या मोठ्याआईचा खोकला हवा बदलल्याचा आहे असं मी लिहिलं होतं, ते खोटं होतं. तिला चार पावलं चाललं की थांबावं लागतं. डॉक्टरने सांगितलं, गाव सोडा नाहीतर धूर थांबवा. गाव सोडून कुठे जाऊ?

माणसाचं फुप्फुस फोटोत दाखवता येत नाही. म्हणून मी बगळे धरले. पांढरं पाखरू काळं पडलेलं दिसलं तर आंधळ्यालाही कळेल असं वाटलं. वर्षभर त्यासाठी बोडीवर बसलो.

साहेबांनी सगळ्यांसमोर लाख फोडली. मी छाती काढून उभा होतो. एकेक फोटो टेबलावर आला. चाळीसच्या चाळीस बगळे दुधात बुडवून काढल्यासारखे. निळं पाणी, निळं आभाळ. साहेब हसून काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही. तुझ्या मोठ्याआईने, मनकर्णाने कानाशी येऊन सांगितलं, "ते म्हणून राहिले, पाखरं तं मस्त हायेत. तुमाले तकलीफ काय हाये?"

मग कारखान्याच्या माणसाने पिशवीतून त्यांचं नव्या वर्षाचं कॅलेंडर काढलं आणि शेजारी ठेवलं. वर माझाच बगळा. खाली छापलेलं, 'आमच्या परिसरातील पक्षीजीवन. छायाचित्र : चंद्रभान गजभिये, हिवरबोडी.' ही तुझी आनंदाची गोष्ट.

मनकर्णा पुढे झाली, पदर दोन्ही हातांनी ताणून धरला आणि म्हणाली, "साहेब, हे लुगडं आज सकारी धुतलं होतं." मागे कोणीतरी हसलं. तिला खोकला आला आणि तिला पुढचं बोलता आलं नाही.

परत येताना बसमध्ये कवडूने मला विचारलं, "काहून गा चंद्रभान, तू कोनाच्या बाजूनं होता?"

मूळ फोटो ताबडतोब पाठव. लेखी म्हणणं द्यायला पंधरा दिवस आहेत.

चंद्रभान


नागपूर,
१३ फेब्रुवारी २०२४

मोठेबाबा,

मूळ फोटो नाहीत.

दुकानाचा नियम मीच तुम्हाला हसत हसत लिहिला होता. साफ केलेला फोटो जुन्याच्या जागी बसतो. तुमचं कार्डही मीच पुसून परत पाठवलं. दोन दिवस कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याला बसवून ठेवलं. त्याने सगळं शोधलं. लग्नं सापडली, तीन वर्षांपूर्वीची बारशी सापडली, तुमचा एकही बगळा सापडला नाही.

कॅलेंडरचं काम संघपालने आणलं होतं. त्याच्या साहेबांना परिसरातला पक्षी हवा होता. मी तुमचा सर्वांत सुंदर बगळा काढून दिला आणि अट घातली की खाली मोठ्याबाबांचं नाव हवंच. इतकी खूश होते मी. संघपालला तुमच्या आक्षेपाचं माहीत नव्हतं, खरंच नव्हतं. जानेवारीत तो कायम झाला. आता तो माझ्याशी नीट बोलत नाही आणि जेवताना मोबाइल बघत राहतो.

तुम्ही लिहिलं होतं, अंगावर जे जे आहे ते दिसलं पाहिजे. मला वाटलं पिसं. ते करडं मी पाहिलं होतं, मोठेबाबा. तासन् तास पाहिलं होतं. लेन्सवर आहे म्हटलं, तुमच्या डोळ्यांत आहे म्हटलं. ते बगळ्यावर असेल हे एकदाही मनात आलं नाही. दोन महिन्यांत एकदा बसने येऊन बघितलं असतं तर कळलं असतं. पन्नास किलोमीटरही नाही.

मी लिहून देते की हे फोटो मी बदलले आहेत. सही करते, स्टुडिओचा शिक्का मारते. कुठे द्यायचं ते कळवा. मोठ्याआईची तब्येत कळवा. मला शिव्या द्या, पण कळवा.

वैभवी


हिवरबोडी,
२० फेब्रुवारी २०२४

वैभवी,

लिहून देऊ नको. तू लिहून दिलंस की पहिला प्रश्न संघपालला विचारतील, कॅलेंडरचा फोटो कोणी आणला म्हणून. पोरगा महिन्याभरापूर्वी कायम झाला आहे. त्याच्या पोटावर पाय देऊन मला काही मिळवायचं नाही.

नवे फोटो काढ असं कवडू म्हणतो. आता मी काळा बगळा दाखवला तर म्हणतील, कॉम्प्युटरवर काळा केला. पांढरे तर मीच त्यांच्या टेबलावर ठेवले आहेत.

पहिल्या पत्रात मीच लिहिलं होतं, रंग नीट कर. तेव्हा पाखरं खरोखर रंगीत होती. माझीही चूक आहेच. पण सध्या मला तुझं अक्षर बघवत नाही. पत्र पाठवू नको.

कॅमेरा ट्रंकेत ठेवला आहे.

चंद्रभान


नागपूर,
५ मे २०२४

मोठेबाबा,

पाठवू नको म्हणालात तरी हे पाठवते आहे, न वाचता ठेवलंत तरी चालेल.

गेल्या रविवारी मी हिवरबोडीला आले होते. घरापर्यंत यायची हिंमत झाली नाही, बोडीवरूनच परत फिरले. दोन तास बसले. एक टिबुकली पोहत होती, तीही पलीकडच्या काठाला. बगळा एकही नाही. परत येऊन तोंड धुतलं तर रुमाल काळा झाला. तो मी धुतलेला नाही.

दुकानात रोज पन्नास चेहरे साफ करते. हात चालतो, लक्ष नसतं.

वैभवी


हिवरबोडी,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. वैभवी,

जय भीम.

मोठ्याआईच्या मातीला तू आलीस, शेवटपर्यंत दाराशी उभी राहिलीस. मी तुझ्याशी बोललो नाही. बोलायला गेलो असतो तर काय निघालं असतं मलाच माहीत नव्हतं. संघपालही आला होता, त्याने खांदा दिला. ते मी पाहिलं.

नऊ महिने तिने काढले. शेवटी शेवटी बसून झोपायची, भिंतीला पाठ लावून, तुझ्याच फोटोंखाली. एकदा मी ते फोटो काढायला उठलो तर म्हणाली, "राहू द्या जी. पोरीनं कष्ट केले त्याच्यात."

तुझं मेमधलं पत्र मी वाचलं होतं. तिलाही वाचून दाखवलं. ती म्हणाली, घरी काहून नाही आली, जेवली असती.

१ डिसेंबरला पुण्यानुमोदन आहे. तिचा फोटो हवा. घरात शोधले, लग्नातला एक आहे तो निम्मा वाळवीने खाल्ला. दुसरा हा एकच, सोबतच्या कार्डात. या वर्षीच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा. दरवर्षी दीक्षाभूमीला जायची, या वेळी बसपर्यंतही चालवेना. तरी सकाळी उठून पांढरी साडी नेसली आणि मला म्हणाली, बोडीपर्यंत नेऊन आणा. कवडूने सायकलवर बसवून नेलं. तिथे म्हणाली, कॅमेरा काढा, आज माझा फोटू काढा. मी ट्रंक उघडून कॅमेरा आणला. किती दिवसांनी एक बगळा आला होता, तोही मागे आहे.

नातेवाईक म्हणतात, वैभवीकडे पाठव, ती छान साफ करून देईल.

तू यात काही करू नको. कॉन्ट्रास्ट नको, ड्रॉपर नको. आहे तसा छाप.

तुझा,
मोठेबाबा


नागपूर,
२७ नोव्हेंबर २०२४

आदरणीय मोठेबाबा,

सविनय जय भीम.

फोटो उघडला. मोठीआई बोडीच्या काठाला दगडावर बसली आहे, हात मांडीवर, ओठ थोडे निळसर. साडी करडी आहे. मागे बगळा उभा आहे, तोही करडा. दोघांचा रंग अगदी एक आहे.

तुमच्यापासून काही लपवणार नाही, आता नाही. माझा हात गेला. सवयीने गेला. ड्रॉपर उचलला आणि साडीवर टिचकी मारली, कारण साडी पांढरी असायलाच पाहिजे होती. एका क्षणात साडी पांढरीशुभ्र झाली, बगळा पांढरा झाला, ओठांत लाली आली, गालावर रंग चढला. मोठीआई बरी झाली, मोठेबाबा. मी लहान असताना अशीच दिसायची. मी तिच्याकडे बघत बसले आणि खूप रडले.

मग मी ते मागे घेतलं. तिला पुन्हा आजारी केलं. ते एक बटण दाबायला मला जितका वेळ लागला तितका आयुष्यात कशाला लागला नसेल.

काहीही न करता छापला आहे. मशीनवरचा माणूस प्रिंट परत घेऊन आला, म्हणाला, "दीदी, इस पे धूल लग गई, दुबारा निकालूँ?" मी म्हटलं, प्रिंटवर नाही, साडीवर आहे.

पाकिटात दोन प्रती आहेत. एक चौकटीसाठी. दुसरी मोठी आहे, तिच्यासोबत माझं लेखी निवेदन आहे. गेल्या वर्षीचे चाळीस फोटो मी कसे बदलले, कुठला डाग कशाने काढला, सगळं लिहिलं आहे. या फोटोला हात लावलेला नाही हेही लिहिलं आहे. कार्ड पुसलेलं नाही, जसं आलं तसं परत पाठवते आहे. सेठला न विचारता केलं आहे, बघू काय होतं ते.

संघपालला वाचून दाखवलं. त्याने कागद हातात घेऊन स्वतः पुन्हा वाचला. मग म्हणाला, "मले विचारलं तं मी सांगीन, फोटो मीच नेला होता." तो हे खरंच बोलेल की नाही, मला माहीत नाही. निवेदन द्यायचं की फाडायचं, तुम्ही ठरवा.

पाकिटाला लाख लावलेली नाही. या वेळी आधी तुम्ही बघा.

तुमची,
वैभवी


हिवरबोडी,
२ फेब्रुवारी २०२५

चि. वैभवी,

जय भीम.

पाकीट मिळालं त्याच दिवशी उघडलं. बघितलं. ती तशीच आहे.

निवेदन, मोठी प्रत आणि कार्ड मी स्वतः नेऊन वरच्या कार्यालयात दिलं. पोच घेतली. संघपालला आधी पत्र लिहून विचारलं होतं, त्याने दोन ओळींत 'द्या' म्हणून कळवलं. तारीख १८ मार्चची मिळाली आहे. तिसरी भट्टी मात्र डिसेंबरातच पेटली, त्यामुळे आता काय थांबवायचं ते साहेबच जाणोत. तुला यावं लागेल. येताना एक दिवस आधी ये आणि घरी उतर. तुझ्या वाट्याचं लोणचं ती भरून गेली आहे.

पुण्यानुमोदनाला आलेल्या पाहुण्यांनी विचारलं, फोटो असा मळका काहून दिला, पोरगी तर एवढं साफ करते.

तुझे पाखरांचे फोटो भिंतीवरून काढले नाहीत, ती नको म्हणाली होती. तिचा त्यांच्या मधोमध लावला आहे. रोज सकाळी तू सांगितलं होतंस तसं मऊ सुती कापड घेऊन काच गोल गोल पुसतो. काचेवरची काजळी निघते, फडकं काळं होतं. तिच्या साडीवरची तशीच राहते.

तुझा,
मोठेबाबा